पाणी घरात शिरण्याआधी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्ही तळमजल्यावर राहतो. घरात चौघं: आम्ही दोघं, सासूबाई आणि सहा वर्षांचा मुलगा. ऑनलाइन तयार ‘सर्व्हायव्हल किट’ मिळतं. त्यात होकायंत्र, चकमक, चाकू, दोरी वगैरे असतं. ते घेऊ का?
– एक वाचक, कुर्ला (पश्चिम)

उत्तर: नका घेऊ. रानात वाट चुकलेल्या माणसासाठी ते ठीक आहे. तुमच्याकडे काय होतं? पाणी घरात शिरतं, वीज जाते आणि प्यायला स्वच्छ पाणी उरत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मिठी नदीकाठच्या वस्त्यांची हीच गत झाली. तुमची पिशवी उचलून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे एक रात्र आणि एक दिवस काढता आला पाहिजे, एवढंच तिचं काम.

आधी पाणी. माणशी दिवसाला तीन लिटर धरा. चौघांचे दोन दिवसांचे २४ लिटर होतात. पण २० लिटरचा जार म्हणजे २० किलो वजन, तो जिन्यावरून कोण नेणार? म्हणून पिशवीत चार लिटर ठेवा आणि बाकीचं एक-दोन लिटरच्या बाटल्यांत माळ्यावर. क्लोरीनच्या गोळ्याही हव्यात. गोळी किती लिटरला, ते पाकिटावर छापलेलं असतं. गढूळ पाण्यात गोळी वाया जाते, कारण क्लोरीन मातीतच खर्ची पडतं. पाणी आधी चौपदरी फडक्यातून गाळा, मग गोळी टाका आणि अर्धा तास थांबा.

खाणं न शिजवता खाता येईल असं: फुटाणे, खजूर, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खाकरा. खारं फार नको, तहान वाढते. ओआरएसची चार पाकिटं. सासूबाईंची सात दिवसांची औषधं, चष्मा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स. मुलाचे कपडे झिपच्या प्लास्टिक पिशवीत. बॅटरी हवी, पण तिचे सेल काढून वेगळे ठेवा. आत राहिलेले सेल झिरपतात आणि नेमक्या वेळी बॅटरी लागत नाही. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेतून प्रत्यक्षात सहा हजारांच्या आसपासच मिळतं, म्हणजे ५,०००चा फोन एकदा पूर्ण आणि वर थोडा. दर तीन महिन्यांनी ती चार्ज करा.

ही पिशवी पलंगाखाली ठेवू नका, पाणी पहिल्यांदा तिथेच पोचतं. दाराजवळच्या उंच खुंटीला टांगा. उचलायची कधी? साडेचार मीटरहून मोठ्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधी जाहीर करते. त्या वेळी जोराचा पाऊस लागला की नाल्यांचं पाणी समुद्रात उतरत नाही, उलट तुंबतं. त्या दिवशी पाणी उंबऱ्याला लागायची वाट पाहू नका. कोरड्या हातांनी मेन स्विच बंद करा, गॅसचा रेग्युलेटर बंद करा आणि वर जा. जमिनीवर पाणी आलं असेल तर मात्र स्विचला हात लावायला जाऊ नका.

प्रश्न: आम्ही चौदाव्या मजल्यावर आहोत. आम्हाला याची गरज आहे का?
– बोरिवली

उत्तर: आहे, आणि पाण्याचीच. वीज गेली की लिफ्टबरोबर पंपही थांबतो. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की नळ कोरडे. त्याहून मोठा धोका जमिनीखालच्या टाकीचा. झाकण सैल असेल तर गटाराचं पाणी आत शिरतं, आणि वीज आल्याबरोबर कुणीतरी पंप सुरू केला की तेच पाणी सगळ्या घरांत पोचतं. सोसायटीत एकाच माणसावर जबाबदारी द्या: परिसरात पाणी भरलं की पंपाची कळ बंद, आणि टाकी उपसून, घासून, क्लोरीनने धुतल्याशिवाय ती चालू करायची नाही. याबाबतीत भिडेखातर गप्प बसू नका.

प्रश्न: वडील इन्सुलिन घेतात. फ्रिज बंद पडला तर?
– दादर

उत्तर: फ्रिज उघडझाक न करता बंद ठेवला तर चारेक तास थंड राहतो. वापरात असलेलं इन्सुलिन तीस अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. नेमकी मुदत त्याच्या पत्रकात पाहा. खिडकीजवळ ठेवू नका आणि बर्फाला टेकवू तर मुळीच नका, गोठलेलं इन्सुलिन फेकावंच लागतं. माठात ठेवण्याचा उपाय मे महिन्यात चांगला चालतो. पावसाळ्यात हवाच दमट असते, माठाचं पाणी उडत नाही आणि फारसा गारवाही येत नाही.

प्रश्न: रोज लोकलने ऑफिसला जाते. पर्समध्ये काय असावं?
– ठाणे

उत्तर: पाण्याची बाटली, चिक्की, छोटी बॅटरी, लागणारी औषधं आणि घरचे नंबर लिहिलेला कागद. मुंबई महापालिकेच्या आपत्ती कक्षाचा १९१६ही त्यावर असू द्या. फोन लागत नसेल तर एसएमएस करून पाहा, तो बरेचदा जातो. तुंबलेल्या रस्त्यात मॅनहोल दिसत नाही, म्हणून शक्यतो ऑफिसातच थांबा. पाण्यातून चालावंच लागलं तर पाय साबणाने धुवा आणि ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोची (साचलेल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी कुणाला आणि किती, ते तेच ठरवतील. गरोदर बाई आणि लहान मूल यांचं औषध वेगळं असतं. पुढच्या महिनाभरात ताप आला तर पाण्यातून चालल्याचं आधी सांगा.