ईआरपी, गोदाम, ट्रान्सपोर्टर, जीएसटी: सगळं एपीआयने जोडलं, तरी ऑर्डरी मधेच का अडकतात?

तुमचा प्रश्न असा आहे, की चारही सिस्टीम एपीआयने, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी थेट बोलण्याच्या सोयीने, जोडून झाल्या तरी रोज दोन-चार ऑर्डरी कुठेतरी लटकतात, तर आता ऑर्केस्ट्रेशन इंजिन, म्हणजे सगळ्या सिस्टीमकडून क्रमाने काम करून घेणारं आणि प्रत्येक ऑर्डर कुठल्या पायरीवर आहे ते लक्षात ठेवणारं सॉफ्टवेअर, घ्यावं का?

घ्या. पण त्याआधी अडकलेली एक ऑर्डर हातात घ्या आणि ती या क्षणी नेमकी कुठे आहे, हे कळायला किती जणांना फोन करावे लागतात ते मोजा. आमच्याकडे चार लागायचे: स्टोअर्स, अकाउंट्स, आयटी आणि गेट. प्रत्येक सिस्टीमला आपापलं काम माहीत होतं, पण अख्खी ऑर्डर कोणालाच माहीत नव्हती. खरा दोष तिथे असतो.

मी चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात हे काम करतो. डिस्पॅचचा क्रम सरळ होता: ईआरपीत (कंपनीचा हिशेब, स्टॉक आणि ऑर्डरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) इनव्हॉइस बनतं, ते जीएसटीच्या इनव्हॉइस पोर्टलवर जातं, तिथून ६४ अक्षरांचा आयआरएन (इनव्हॉइसचा सरकारी नोंदणी क्रमांक) आणि क्यूआर कोड येतो, मग ई-वे बिल (माल वाहून नेण्याचा जीएसटीचा दाखला), मग गेटपास. एका रात्री पोर्टलचं उत्तर वेळेत आलं नाही. आमच्या प्रोग्रामने तेच इनव्हॉइस पुन्हा पाठवलं आणि २१५० क्रमांकाची एरर आली, म्हणजे डुप्लिकेट आयआरएन. प्रोग्रामने ऑर्डर ‘फेल’ करून टाकली. अकाउंट्समधल्या मुलाने बिचाऱ्याने नवीन नंबरचं दुसरं इनव्हॉइस काढलं. एकाच मालाची दोन इनव्हॉइसं सरकारदरबारी नोंदली गेली आणि भरलेली गाडी पहाटेपर्यंत गेटवर उभी राहिली.

आता बघा, २१५० हे अपयश नव्हतंच. पहिल्या वेळचं काम झालं होतं, फक्त पावती वाटेत हरवली होती. आयआरएन हा विक्रेत्याचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), दस्ताचा प्रकार, त्याचा नंबर आणि आर्थिक वर्ष यांवरून तयार होतो, त्यामुळे तेच इनव्हॉइस दुसऱ्यांदा नोंदलं जात नाही. अशा वेळी दस्ताच्या तपशिलावरून आधीचा आयआरएन मागवायचा आणि पुढे जायचं. तुमच्या बाकीच्या सेवांनाही हीच शिस्त लावा: प्रत्येक मागणीबरोबर ऑर्डरशी बांधलेला एक कायमचा नंबर जायला हवा, आणि तोच नंबर पुन्हा आला तर काम पुन्हा न करता जुनंच उत्तर मिळायला हवं. हे नसेल तर इंजिन फक्त चुकाच जास्त वेगाने करेल.

दुसरी गोष्ट उलटं फिरण्याची. चार सिस्टीमवर एकच डेटाबेस ट्रान्झॅक्शन, म्हणजे ‘झालं तर सगळं, नाहीतर काहीच नाही’ असा व्यवहार, चालत नाही, त्यामुळे ‘रोलबॅक’ (सगळं एका झटक्यात पूर्ववत) म्हणून मोकळं होता येत नाही. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ साली ‘सागा’ ही कल्पना मांडली: मोठं काम लहान पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरीला तिची भरपाई करणारी पायरी द्यायची आणि बिघडलं की शेवटून मागे यायचं. आमच्याकडे ही शिकवण शब्दशः लागू पडते. चालू ई-वे बिल असेल तर आयआरएन रद्द होत नाही. म्हणून आधी ई-वे बिल रद्द, मग आयआरएन, मग ईआरपीतलं इनव्हॉइस, शेवटी माल स्टॉकला परत. आणि आयआरएन रद्द करायला २४ तासच मिळतात. त्यानंतर क्रेडिट नोट (आधीच्या इनव्हॉइसची रक्कम वजा करणारा दस्त) काढावी लागते, म्हणजे भरपाईचा रस्ताच बदलतो. हा २४ तासांचा टायमर कोणाच्या डोक्यात किंवा एक्सेलमध्ये नको, प्रक्रियेतच हवा. इंजिन घेण्याचं माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच. सर्व्हर मधेच बंद पडला तरी ऑर्डर कुठल्या पायरीवर आहे आणि कुठली घंटा कधी वाजायची आहे, हे ते विसरत नाही.

इव्हेंटवर सोडून द्यावं, म्हणजे प्रत्येक सिस्टीमने झालेल्या कामाची बातमी द्यावी आणि ती ऐकून दुसऱ्यांनी आपापलं काम करावं, मध्ये कोणी नको, असंही तुम्हाला कोणी सांगेल. ‘माल निघाला’ ही बातमी ऐकून एसएमएस पाठवायचा असेल तर ते उत्तमच. पण जिथे पैसा, कर आणि उलटं फिरणं आहे तिथे जबाबदार एकच हवा.

कोणतं इंजिन? अकाउंट्स आणि स्टोअर्सच्या माणसांना आकृती वाचता यायला हवी असेल तर बीपीएमएनवर (प्रक्रिया आकृतीत मांडायच्या प्रमाण पद्धतीवर) चालणारं घ्या, कामुंडासारखं. सगळं डेव्हलपरच बघणार असतील तर टेम्पोरल हे इंजिन सोयीचं पडेल, त्यात प्रक्रिया कोडमध्येच लिहितात. यात फार दिवस घालवू नका.

सुरुवात एकाच प्रक्रियेपासून करा, जी सगळ्यात जास्त अडकते तिच्यापासून. आकृतीत एक पायरी माणसासाठी ठेवा: तीन प्रयत्नांनंतरही उत्तर नाही आलं, तर ऑर्डर थेट अकाउंट्सच्या कामाच्या यादीत दिसली पाहिजे, कारणासकट. आणि प्रक्रिया बदलाल तेव्हा आधीच सुरू झालेल्या ऑर्डरी जुन्याच आवृत्तीवर संपू द्या. अर्ध्या वाटेवरच्या ऑर्डरींना नवा रस्ता लावायला गेलो तेव्हा आमचे दोन दिवस त्या हाताने सोडवण्यात गेले.