अप्रेझलमध्ये 'टीम प्लेयर नाही' असा शेरा आलाय, ख्रिस्ती माणसाने कामावर टीममध्ये कसं राहावं?

भाऊ, तुमचा प्रश्न पूर्ण वाचला. जळगावला प्लँटवर नवीन लागलात, पहिल्याच अप्रेझलला शेरा आला की टीम प्लेयर नाही, आणि तुमच्या मते कारणं तीन, रविवारी चर्चला जातो, पार्टीत पीत नाही आणि न मोजलेल्या रीडिंगवर सही करत नाही. मी पण एमआयडीसीतच आहे, पीव्हीसी पाइपच्या लाइनवर शिफ्ट बघतो, मूळ नवापूरकडचा. तिकडे ख्रिस्ती असणं काही नवलाचं नाही, इथे फ्लोअरवर मात्र मी एकटाच, म्हणून म्हटलं लिहावं.

ही तीन कारणं आधी एका पोत्यात भरू नका. न पिणं हे तर कारणच नाही. हिवाळ्यात आमची पण शेतात भरीत पार्टी होते, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, तेवढ्यात चार जण बांधावर बाटली घेऊन बसलेले असतात आणि मी वांगी सोलत असतो, हात काळे, डोळ्यात धूर, कोणी विचारत पण नाही तुझ्या ग्लासात काय आहे. येशू स्वतः जकातदारांच्या पंगतीला बसायचा आणि त्यावरून परुश्यांची, म्हणजे धर्माचे नियम कडक पाळणाऱ्यांची, बोलणी खायचा. लोकांना न पिणारा खटकत नाही, तोंड पाडून कोपऱ्यात बसणारा खटकतो.

रविवारचं थोडं अवघड आहे पण मार्ग निघतो. श्रावणात कानबाईचा रविवार येतो ना, त्या दिवशी आपल्याकडे सगळ्यांना सुट्टी पाहिजे असते, घरोघर रोट असतात. तो रविवार मी स्वतःहून मागून घेतो. दिवाळीत पण घेतो, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणी माहेरी आलेल्या असतात तेव्हा पण घेतो. मग नाताळ, गुड फ्रायडे, ईस्टर आणि बाकीचे बरेच रविवार मला भांडावं लागत नाही, पोरं स्वतःच म्हणतात जा भो तू, मी बघतो. प्रेषित पौलाने रोमकरांना पत्रात लिहिलंय की कोणी एक दिवस दुसऱ्यापेक्षा मोठा मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. तुमच्या मंडळीत याबाबत कडक असतील तर पाळकांशी बोलून घ्या, मी काही शास्त्री नाही. दसऱ्याला मशिनच्या पूजेचं पण तसंच, आदल्या दिवशी मशीन घासायला मी सगळ्यांबरोबर असतो, आरतीच्या वेळी बाजूला उभा राहतो, आजपर्यंत कोणी वाईट वाटून घेतलं नाही.

आता खरी गोष्ट. तुम्ही प्रश्नात मध्येच एक वाक्य टाकून गेलात, "माझं काम मी चोख करतो, वेळ झाली की पंच करून निघतो, दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही." मला तर वाटतं शेरा इथून आलाय.

पीव्हीसीची लाइन बंद करताना बॅरलमधला (माल वितळवणाऱ्या नळकांड्यातला) माल पर्जिंग मटेरियल, म्हणजे आतला माल ढकलून साफ करणारं मटेरियल, टाकून बाहेर काढावा लागतो, हे काम करणाऱ्याला माहीत असतं. नाही काढला तर गरम बॅरलमध्ये तो बसून जळतो, काळा पडतो, ॲसिडचा असा वास सुटतो की घसा धरतो, आणि मग पुढच्या शिफ्टवाला डाय (पाइपला आकार देणारा साचा) खोलून पितळी पट्टीने खरवडत बसतो, पट्टी पितळीच पाहिजे कारण लोखंडाने डायला चरे पडतात. त्याचे दोन तास गेले, प्रॉडक्शनच्या पाटीवर त्याचं नाव खाली, आणि ज्याने लाइन तशीच सोडली त्याचा रेकॉर्ड एकदम चोख! तो काही खोटं बोललेला नसतो, चोरी केलेली नसते, फक्त शेजाऱ्याचा विचार केलेला नसतो. तुम्ही असं करता असं म्हणत नाही, पण चोख काम आपल्या शिफ्टपुरतं मोजलं की हे आपोआप होतं.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय काढून वाचा, बरेच जण तो नावांची यादी म्हणून सोडून देतात. यरुशलेमची भिंत बांधताना कोणाच्या शेजारी कोण होतं एवढंच त्यात लिहीत गेलेत. सोनार आहेत, अत्तर बनवणारे आहेत, शल्लूम नावाचा एक अधिकारी त्याच्या मुलींना घेऊन आलाय, म्हणजे गवंडी कोणीच नाही म्हटलं तरी चालेल. आणि तकोवा गावच्या सरदारांनी कामाला मान लावली नाही हे पण लिहून ठेवलंय, त्याच गावच्या बाकी लोकांनी मात्र दुसरा तुकडा पण बांधून दिला. भिंत ५२ दिवसात झाली. माझा तुकडा पक्का आणि शेजारच्याच्या तुकड्याशी जोड कच्चा, तर शत्रू त्या जोडातूनच शिरणार ना.

म्हणून निघायच्या आधी दहा मिनिटं येणाऱ्याबरोबर लाइनवर उभे राहा, कोणत्या झोनचं टेंपरेचर नाचतंय, जाडी कोणत्या बाजूला कमी येतेय, हॉपर (कच्चा माल टाकायचं नरसाळं) भरून ठेवलाय का, हे तोंडी सांगा, रजिस्टर कोण वाचतं. कलस्सैकरांसचं ते वचन, काम माणसांसाठी नाही तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, ते मी इथे लावतो. (हे वचन दाखवून कोणी फुकटचा ओव्हरटाइम मागत असेल तर पुढच्याच अध्यायाची पहिली ओळ दाखवा, तिथे मालकांना न्यायाने वागा असं सांगितलंय.)

सहीचं मात्र तुमचं एकदम बरोबर आहे, तिथे हलू नका. "सगळेच करतात, टीमसाठी कर" हे मी पण ऐकलंय. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा नवरा-बायको, विकलेल्या जमिनीचे थोडे पैसे मंडळीपासून लपवताना दोघांचं एकमत होतं, टीमवर्क म्हणाल तर झकास, आणि पेत्राने नेमकं तेच विचारलं की तुम्ही दोघांनी संगनमत का केलं. फक्त नकार देताना प्रवचन देऊ नका. "थांब, मी मोजून आणतो" म्हणा, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घ्या, पाइपच्या चारी बाजूंनी जाडी बघा आणि खरा आकडा लिहा. गेलेल्या तासाचं रीडिंग नसेल तर रकाना कोरा सोडा. हे करताना समोरच्याला चोर ठरवायची गरज नसते.

कोणाशी वाजलंच तर ग्रुपवर टाकू नका, त्याला एकट्याला चहाला न्या, मत्तय १८ मध्ये हीच पहिली पायरी आहे, वचन मंडळीतल्या भावाबद्दल असलं तरी फ्लोअरवर पण चालतं. आणि कोणावर कायमची फुली मारू नका. मार्क पंफुल्यात प्रचाराचं काम अर्धं सोडून गेला म्हणून पौल त्याला परत न्यायला तयार नव्हता, त्यावरून सोबतच्या बर्णबाशी एवढं वाजलं की दोघं वेगवेगळ्या वाटेने गेले. नंतर तोच पौल तीमथ्याला लिहितो, मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे. श्रेयाचं पण पौलाकडून शिकण्यासारखं आहे, रोमकरांसच्या शेवटच्या अध्यायात नावंच नावं आहेत, अगदी पत्र लिहून घेणारा तर्तीय पण मधेच स्वतःचा सलाम सांगून जातो. तुमच्या मेलमध्ये हेल्परचं नाव येतं का बघा.

साहेबांकडे जाऊन शांतपणे विचारा, सर, नेमकं कोणत्या वेळी मी टीमला कमी पडलो. त्यांनी हँडओव्हरचं (पुढच्या शिफ्टला काम सोपवण्याचं) नाव काढलं तर शेरा खरा आहे, उद्यापासून दहा मिनिटं उशिरा पंच करा. सहीचं नाव काढलं तर पुढच्या वर्षी पण तोच शेरा येईल, येऊ द्या.