डिझेल गाडीचे नोझल बदलण्याआधी तपासून घेता येतात का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी टेम्पो ट्रॅक्स, दिवे घाट चढताना काळा धूर सोडते, सकाळी सुरू केल्यावर पहिली पाच मिनिटं ठोकते, आणि मेकॅनिक म्हणतो "चारही नोझल बदलून टाका, झंझट नको." खर्च करण्याआधी तपासता येतील का?

येतात, आणि तपासायलाच हवेत. नोझल म्हणजे सिलिंडरकडे डिझेल फवारणारं टोक. माझं भोसरीत पंप-नोझलचं छोटं वर्कशॉप आहे. आमच्याकडे येणाऱ्या नोझलपैकी बरेच नुसती सफाई करून आणि उघडण्याचा दाब जुळवून परत जातात. आणि एक गोष्ट मेकॅनिक सहसा सांगत नाहीत: नवा नोझल आणला तरी तो जुन्या होल्डरमध्ये, म्हणजे नोझल धरणाऱ्या नळीत, बसवून टेस्टरवर, म्हणजे दाब तपासायच्या यंत्रावर, चढवावाच लागतो. होल्डरमधली स्प्रिंग तुमच्या गाडीइतकीच जुनी. ती दमलेली असली तर नवा नोझलही कमी दाबावर उघडणार. म्हणजे टेस्टरकडे जायचंच आहे, तर बदलण्याआधी जा.

त्याआधी घरच्या घरी एक काम. इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता चालू, ठेवा आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट पाना लावून अर्धा फेरा सैल करा. डिझेल बाहेर गळायला लागलं की त्या सिलिंडरचं काम थांबतं. इंजिन लगेच डगमगलं तर तो सिलिंडर चांगला. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीपासूनच झोपलेला आहे. ठोक तेवढ्यात बंद झाली, तर तिचं मूळ बहुधा त्याच नोझलमध्ये. मात्र हे फक्त तुमच्यासारख्या जुन्या पंपाच्या गाडीवर. कॉमन रेल गाडीत, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या गाडीत, त्या पाइपमध्ये हजार-दीड हजार बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाब असतो, तिथे पाना लावायचाच नाही. तिथे नोझलमधून टाकीकडे परत जाणारं डिझेल मोजतात, तो वेगळा विषय.

आणि एअर फिल्टर. हसू नका. धंद्याच्या सुरुवातीला मी एका गिऱ्हाइकाचे चारही नोझल बदलून दिले, धूर जसाच्या तसा. गाडी वीटभट्टीवर चालायची. फिल्टर काढून जमिनीवर आपटला तर ओंजळभर लाल माती निघाली. त्याच्या नोझलचे पैसे मी परत केले. तेव्हापासून काळ्या धुराची गाडी आली की आधी बॉनेट उघडून फिल्टर बघतो.

आता टेस्टरवर काय बघायचं. यंत्र साधं असतं: हाताने दाबायचा दांडा, दाबाचं घड्याळ, आणि वर नोझल लावायचा पाइप. समोर उभे राहून स्वतः बघा, कारागिराला राग येणार नाही.

पहिला, उघडण्याचा दाब. ट्रॅक्सच्या जुन्या इंजिनाचं मूळ मर्सिडीजच्या ओएम ६१६ या डिझेल इंजिनात आहे. त्याचा नोझल साधारण ११५ ते १२५ बारवर उघडतो. वापरलेला १०० च्या खाली गेला तर काम निघालं. शेतातल्या पंपाच्या डायरेक्ट इंजेक्शन (डिझेल थेट पिस्टनवर फवारणाऱ्या) इंजिनाला २०० च्या आसपास लागतात, तो आकडा इकडे लावू नका. दाब कमी आला म्हणून नोझल खराब ठरत नाही. होल्डरमधल्या स्प्रिंगला लागणारी चकती, म्हणजे शिम, जाड घातली की दाब वर येतो. चारही एकमेकांच्या जवळ असणं जास्त महत्त्वाचं. एक ९५ वर आणि एक १२५ वर, अशी गाडी आयडलला थरथरणारच.

दुसरं, टपकणं. उघडण्याच्या दाबापेक्षा १५-२० बार खाली काटा धरून ठेवायचा आणि दहा आकडे मोजायचे. टोक नुसतं ओलसर झालं तर चालतं. थेंब धरला आणि पडला, तर नोझलमधली सुई जिथे टेकून डिझेल अडवते ती बैठक गेली. सफाई करूनही तेच, तर तो नोझल बदला. मला विचाराल तर सगळ्यात खरी परीक्षा हीच, कारण टपकणारा नोझल पिस्टनचं टाळकं जाळू शकतो.

तिसरा, आवाज आणि फवारा. दांडा सावकाश दाबला की चांगला नोझल कर्र-कर्र बोलतो, तेल न घातलेल्या बिजागरीसारखा. मुका असला तर सुई अडकतेय किंवा बैठक झिजलीय. फवारा धुक्यासारखा, सरळ आणि निमुळता हवा. लग्नातल्या गुलाबदाणीसारखे थेंब उडत असतील किंवा एका बाजूला धार जात असेल, तर कार्बन आहे. पितळी ब्रशने आणि स्वच्छ डिझेलने काढा, पुन्हा चढवा. सुई आणि तिचं घर ही जोडी असते, एकमेकांवर घासून बसवलेली. चार नोझल एकत्र उघडून सुया मिसळल्या तर चारही गेले. घर तिरकं धरून सुई एक तृतीयांश बाहेर ओढा आणि सोडा. ती स्वतःच्या वजनाने आत सरकायला हवी.

त्या फवाऱ्यासमोर बोट धरायचं नाही, "बघू कसं लागतं" म्हणूनही नाही. आमच्या शेजारच्या शेडमधल्या पोराने धरलं होतं. सुई टोचल्याएवढी खूण, दुखलंही नाही, चहा पिऊन आला. संध्याकाळी बोट वांग्यासारखं. ऑपरेशन झालं म्हणून बोट वाचलं. डिझेल कातडीखाली गेलं तर दुखायची वाट न बघता तडक हॉस्पिटल गाठायचं.

शेवटी एक-दोन गेलेच असतील, तर पुण्यातल्या नाना पेठेत सुटे भाग आणायला जाताना जुना नोझल खिशात ठेवा आणि त्यावर कोरलेला नंबर जुळवून घ्या. तिथे अजूनही "मायकोचा द्या" म्हणतात, कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं तरी. डुप्लिकेट मालही त्याच गल्लीत मिळतो, बिल देणाऱ्याकडूनच घ्या.

बसवताना नोझलखालचा वॉशर नवीनच घाला, जुना उलटा करून नाही. गाडी सुरू झाल्यावर नोझलच्या बुडाशी कान द्या. फुस्स-फुस्स ऐकू आलं किंवा दोन दिवसांनी तिथे काळं कडं दिसलं, तर वॉशर नीट बसलेला नाही, पुन्हा उघडा.