ट्रायकोकार्डातून (किडींच्या अंड्यांवर वाढणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक शेतात सोडण्याचे कार्ड) निघालेला ट्रायकोग्रामा कोणत्या जातीचा आहे, हे फोटोवरून ओळखता येईल का?

नाही, फोटोवरून फार तर ट्रायकोग्रामॅटिडी या कुळापर्यंत पोचता येईल; जात ठरवायला नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. हा कीटक जेमतेम अर्धा मिलिमीटरचा. पायाच्या टोकाला तीनच खंड आणि पंखांवर ओळीत मांडलेले केस, एवढ्यावरून कुळ कळते. रंगावर मात्र अजिबात विसंबू नका, कारण कोशावस्थेतल्या तापमानानुसार एकाच जातीचे कीटक फिके किंवा गडद निघतात. नराचे जननांग हीच खात्रीची खूण आहे, हे बेंगळुरूत काम करणाऱ्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९६८ ते १९७१ च्या सुमारास दाखवून दिले. भारतीय कीटकशास्त्राचे हे फार मोठे काम आहे आणि ते अधिक लोकांना माहीत असायला हवे. आज उसातल्या खोडकिडीसाठी सोडला जाणारा ट्रायकोग्रामा चिलोनिस आपल्याकडे आधी ऑस्ट्रेलिकम या चुकीच्या नावाने ओळखला जात होता. तो घोळही पुढे त्यांनीच निस्तरला.

नमुना पाठवायचा असेल तर:
- नर हवेतच. त्यांच्या मिशांवर लांब केस असतात, मादीची मिशी आखूड आणि टोकाला फुगीर असते.
- कीटक कोरडे ठेवू नका, ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा.

एक अडचण येऊ शकते: वोल्बाकिया जिवाणूची लागण झालेल्या काही वाणांत फक्त माद्याच जन्मतात. अशा वेळी डीएनएच्या आयटीएस-२ भागाची तपासणी करावी लागते.