आईला लंडनला न्यायचे का?

“ताई, पैशांचे आम्ही बघू. आईला कोणत्या देशात न्यावे, तेवढे सांगा.” गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर फोंड्याहून आलेल्या एका कुटुंबातील मुलीने खुर्चीत बसण्याआधीच हा प्रश्न विचारला. उपचार ठरवताना गोंधळलेल्या कुटुंबांना मी मार्गदर्शन करते, आणि किडनीच्या कर्करोगाचे निदान झालेल्या घरांतून तो मला वारंवार ऐकू येतो. गोव्यात त्याला वेगळे वजन असते, कारण इथल्या अनेक घरांतले कोणी ना कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले असते आणि तिथून फोनवर रोज एक नवा सल्ला येतो. या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून तो अनुभव इथे लिहिते आहे.

आई एकसष्ट वर्षांच्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. लघवीतून रक्त गेले म्हणून सोनोग्राफी झाली, मग सीटी स्कॅन झाला आणि डाव्या किडनीत आठ सेंटिमीटरची गाठ व दोन्ही फुप्फुसांत लहान लहान ठिपके दिसले. मोठा मुलगा इंग्लंडमधील स्विंडनला नोकरीला. त्याचे म्हणणे असे की आईला तिकीट काढून बोलवावे, तिथली सरकारी आरोग्यसेवा सगळे करील. मुलीने एका दलालामार्फत दुसऱ्याच एका देशातील रुग्णालयाचे अंदाजपत्रक मागवले होते. वडील गप्प होते, आणि त्यांनी कुळागर, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, विकायला गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली आहे, हे मला नंतर कळले. या ओढाताणीत तीन आठवडे गेले होते.

मी फाइल उघडली. दलालाचे चकचकीत माहितीपत्रक सर्वांत वर होते. त्याखाली स्कॅनचा अहवाल, ‘क्लिअर सेल’ (किडनीच्या कर्करोगाचा नेहमी आढळणारा प्रकार) असे निदान सांगणारा बायोप्सीचा अहवाल आणि साध्या रक्ततपासणीचा एक कागद. त्या कागदावर कॅल्शियम नव्हते.

ही बाब किरकोळ वाटेल, म्हणून थोडे सविस्तर सांगते. किडनीचा कर्करोग यांच्यासारखा फुप्फुसांपर्यंत पसरलेला असतो तेव्हा औषधे ठरवताना तज्ज्ञ सहा गोष्टी पाहतात. रुग्णाची एकूण ताकद कशी आहे, निदानानंतर वर्षभराच्या आतच औषधोपचाराची गरज पडली का, हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि कॅल्शियम, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) व प्लेटलेट वाढलेल्या आहेत का. यांपैकी चार गोष्टी फोंड्यातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत काही शे रुपयांत कळतात, आणि या सहांवरून रुग्ण कमी, मध्यम की जास्त जोखमीच्या गटात बसतो हे ठरते. घरात देशांची यादी तयार होती. उपचार ठरवण्यासाठी लागणारी तपासणी मात्र अपुरी होती. त्यांच्यावर ठपका ठेवण्यासाठी मी हे सांगत नाही. घाबरलेले माणूस जे मोठे आणि दूर दिसते त्याच्याकडेच आधी धावते, हे मी पुष्कळ वेळा पाहिले आहे.

मुलीचा दुसरा प्रश्न होता, “केमो कुठे चांगली मिळेल?” मला तिला सांगावे लागले की नेहमीच्या केमोथेरपीला हा आजार फारशी दाद देत नाही. आज इथे मुख्य भर असतो तो प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या इंजेक्शनांवर आणि गाठीचा रक्तपुरवठा रोखणाऱ्या गोळ्यांवर. पेम्ब्रोलिझुमॅब आणि ॲक्सिटिनिब ही अशीच एक जोडी, जिला अमेरिकेत 2019 मध्ये मान्यता मिळाली. ती भारतातही मिळते. इंजेक्शन साधारण दर तीन आठवड्यांनी, दोन वर्षांपर्यंत. गोळी रोज दोनदा. हे ऐकल्यावर वडील पहिल्यांदा बोलले: “म्हणजे दोन वर्षे तिकडेच राहायचे?” होय, प्रश्न नेमका तोच होता. शस्त्रक्रियेसाठी माणूस जाऊन परत येऊ शकते. असा उपचार परक्या देशात घ्यायचा म्हणजे तिथे बिऱ्हाड करायचे.

मुलाला फोन लावला. ब्रिटनमधील मोफत उपचाराचा हक्क तिथे कायदेशीर वास्तव्य असणाऱ्याला मिळतो, केवळ मुलगा तिथे आहे म्हणून आईला मिळत नाही. इंग्लंडमध्ये अशा पाहुण्या रुग्णाकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते, आणि तातडीच्या नसलेल्या उपचारांचे पैसे आगाऊ भरावे लागतात. खासगी उपचारांसाठी व्हिसा काढता येतो. त्याला आजार, खर्च आणि मुदत सांगणारे डॉक्टरांचे पत्र लागते. फोनवर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ताई, मी इथे राहून काहीच केले नाही असे व्हायला नको.” त्याचा सगळा आग्रह या एका वाक्यात होता, आणि तो आग्रह मी हलका मानत नाही.

म्हणून त्याला काम दिले. आईला न हलवता तिचे कागद हलवता येतात. स्कॅनच्या नुसत्या प्लेट्स किंवा मोबाइलवर काढलेले फोटो चालत नाहीत. स्कॅनची मूळ सीडी, बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि गाठीचा तुकडा जपून ठेवलेला मेणातला ब्लॉक प्रयोगशाळेतून मागून घ्यावा लागतो. त्याने लंडनमधील फक्त मूत्रमार्गाचे कर्करोग पाहणाऱ्या एका तज्ज्ञाची वेळ घेतली आणि पैसे भरून लेखी मत मागवले. इकडे मुलगी आणि वडील कोकणकन्येने रात्री निघून आईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात घेऊन गेले. कॅल्शियम ठीक निघाले, हिमोग्लोबिन कमी होते, त्यामुळे जोखीम मध्यम ठरली. दोन्हीकडची मते जवळजवळ सारखी आली: आधी औषधे, किडनी काढायची की नाही ते पुढे. घरच्यांना हे पटायला जड गेले, कारण गाठ शरीरात ठेवायची ही कल्पनाच सोसवत नव्हती. परंतु आजार पसरलेला असताना आधी किडनी काढल्याने मध्यम व जास्त जोखमीच्या रुग्णांचे आयुष्य वाढतेच असे नाही, हे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कार्मेना या अभ्यासाने दाखवले होते, आणि डॉक्टरांनी ते त्यांना नीट समजावून सांगितले.

परदेशी जाणे चूकच, असे मी म्हणणार नाही. इथे न मिळणाऱ्या औषधाची चाचणी तिथे सुरू असेल आणि रुग्ण तिच्या निकषांत बसत असेल, किंवा रुग्णाचे वास्तव्यच तिथे असेल, तर जावे. कोणतीही जमीन विकण्यापूर्वी मात्र तिथल्या तज्ज्ञाकडून एक गोष्ट लेखी घ्यावी: इथे होणार नाही असे काय तुम्ही करणार आहात? दलालाच्या अंदाजपत्रकात याचे उत्तर नव्हते. त्यात शस्त्रक्रियेची किंमत होती, आणि ती शस्त्रक्रिया करा असे एकाही डॉक्टराने सांगितलेले नव्हते.

या सगळ्यात आईंना कोणीच काही विचारले नव्हते. “तिला फक्त गाठ आहे एवढेच सांगितलंय,” असे मुलगी दाराशी कुजबुजली होती. दुसऱ्या भेटीत मी बाईंशी एकटीने बोलले. त्यांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. समास आखलेला, टपोरे अक्षर, प्रत्येक प्रश्नापुढे उत्तरासाठी दोन ओळी मोकळ्या. “माझी फाइल मला वाचता येते,” त्या म्हणाल्या, “पण मुलांना वाटतं मला कळत नाही, म्हणून गप्प राहिले.” पहिला प्रश्न होता, ‘रात्री काही झाले तर फोन कोणी उचलायचा?’

डॉक्टर निवडण्याची याहून चांगली कसोटी मला आजवर सापडलेली नाही. गोव्यात उपचार देणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट, म्हणजे कर्करोगावर औषधांनी उपचार करणारे डॉक्टर, त्या वहीवरूनच ठरले. किडनीचे किती रुग्ण पाहता, निर्णय एकट्याने घेता की शल्यचिकित्सकांसह बैठकीत, हे औषध चालले नाही तर पुढे काय, या प्रश्नांना ज्यांनी न कंटाळता उत्तरे दिली आणि वहीच्या मलपृष्ठावर स्वतःचा नंबर लिहिला, ते बाईंना पटले.

दुसऱ्या डोसानंतर एका रात्री जुलाब सुरू झाले. ते गोळीमुळे असतील तर गोळी काही दिवस थांबवून भागते. इंजेक्शनामुळे आतड्याला सूज आली असेल तर स्टेरॉइड लागते आणि उशीर जिवावर बेतू शकतो. घरात पडलेल्या जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊन सकाळची वाट पाहणे धोक्याचे असते. वडिलांनी वही उघडून फोन केला, आणि बाई त्याच रात्री दाखल झाल्या. कारण गोळी निघाले.

चवथीआधीच्या तपासणीला त्या मला भेटून गेल्या. स्विंडनचा मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता आणि वही त्याच्याच हातात होती. त्या दिवशीचा शेवटचा प्रश्न गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळापानांच्या माटोळीचा होता, तो त्यांनी मला दाखवला: ‘माटोळी बांधायला स्टुलावर चढू का?’ गोळीने रक्तदाब वाढलेला होता, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या दोन ओळींत लिहिले होते: ‘नाही. मुलाला चढवा, तुम्ही खालून सांगा.’