पोग्रोम म्हणजे दंगल नव्हे

प्रश्न असा आहे: भूगोलज्ञ आणि अराज्यवादी विचारवंत पीटर क्रोपोट्किन ज्यूंबद्दल काय म्हणत, यावरच्या एका लेखात '१९०५ मधील ज्यूंच्या दंगली' असे शब्द आले आहेत. मूळ शब्द 'पोग्रोम', म्हणजे झारच्या रशियात जमावाने ज्यूंवर केलेले हल्ले. मग 'दंगल' चालेल का?

नाही चालणार. दंगलीला दोन बाजू लागतात. जत्रेत कुस्त्यांची दंगल भरते ती त्यामुळेच. पोग्रोममध्ये एक बाजू मारते आणि दुसरी मरते. त्यात 'ज्यूंच्या' ही षष्ठी! वाचणाऱ्याला वाटावे, ज्यूच दगड घेऊन निघाले होते. वर्तमानपत्रांत हे इतक्यांदा वाचले आहे की आता संताप येतो.

'वंशसंहार' सुचवणाऱ्यांशीही माझे जमत नाही. तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्ह शहरात १९०३ साली ४९ ज्यू मारले गेले, पण शेकडो घरे-दुकानेही फोडली गेली, आणि हे फोडणेच शब्दाच्या मुळाशी आहे. रशियनमध्ये 'ग्रोम' म्हणजे मेघगर्जना. त्यावरून 'ग्रोमित्', म्हणजे तोडफोड करून उद्ध्वस्त करणे, आणि 'पो' उपसर्ग लागून पोग्रोम. ग्रोम कडाडल्याशिवाय शेतकरी छातीवर क्रूस काढत नाही, अशी रशियन म्हणही आहे. किती सुंदर शब्द, आणि त्याचे काय झाले!

ग्रोम हा नुसता ध्वनीवरून आलेला शब्द आहे, त्यात अर्थ शोधू नका, असे काही जाणकार सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. गडगडाटाला कर्ता नसतो. वीज कोसळली तर जाब कोणाला विचारणार? झारच्या अधिकाऱ्यांना हेच हवे होते: लोकांचा राग अनावर झाला, आम्ही काय करणार! माझ्या मते या शब्दातले आभाळ त्यांच्या सोयीचे होते.

क्रोपोट्किन यांनी ते आभाळ फाडले. 'द टेरर इन रशिया' या १९०९ च्या पुस्तिकेत त्यांनी हिंसेमागचा पोलिसांचा आणि अधिकाऱ्यांचा हात ब्रिटिश वाचकांपुढे मांडला. त्याआधी १९०६ मध्ये लंडनच्या ज्युबिली स्ट्रीटवर यिद्दिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) बोलणाऱ्या अराज्यवादी कामगारांचा क्लब उघडला, तेव्हा डॉक्टर नको म्हणत असतानाही ते तिथे भाषणाला गेले.

तेव्हा 'पोग्रोम' तसाच ठेवावा. मराठीच हवे असेल तर 'ज्यूंवरील झुंडहल्ले' लिहावे. षष्ठी मात्र आधी काढा.