शेंड्याच का कापल्या?

प्रश्न : मासाकी कोबायाशी यांचा १९६२ सालचा जपानी चित्रपट ‘हाराकिरी’ नुकताच पाहिला. जावयाच्या मरणाला कारण झालेल्या तिघांना हान्शिरो त्सुगुमो ठार मारू शकला असता. मग त्याने केवळ त्यांच्या शेंड्या का कापल्या आणि वाड्यात जाऊन एवढी लांबलचक हकिकत का सांगितली?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हान्शिरोला तिघांचे जीव नको होते, ज्यांच्या वाड्यात जावई मेला त्या ईई घराण्याची चुकीची कबुली हवी होती. काळ १६३० चा आहे. तोकुगावा शोगुनांनी (जपानच्या तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशांनी) अनेक सरदार घराणी मोडीत काढल्यामुळे (हान्शिरोचे धनी फुकुशिमा हे त्यांपैकीच) असंख्य सामुराई उघड्यावर पडले होते आणि त्यांतले काही जण बड्या वाड्यांच्या दारात जाऊन पोट चिरण्यासाठी अंगण मागत, ते बहुधा चार पैसे हाती पडावेत म्हणून. जावई मोतोमे आजारी बायको-मुलासाठी असाच आला होता. त्याने तलवारीचे पाते विकले आहे आणि म्यानात बांबू आहे हे कळूनही वाड्याने त्याला त्याच बांबूने पोट चिरायला लावले; एक-दोन दिवसांची मुदत मागितली, तीही दिली नाही. सामुराईने शब्द पाळलाच पाहिजे, एवढेच त्यामागचे कारण.

आता त्याच नियमाने पाहा. शेंडी गमावणे ही सामुराईची मोठी बेअब्रू, तेव्हा या तिघांनीही पोट चिरायला हवे होते. पण केस वाढेपर्यंत ते आजाराचे सोंग घेऊन घरी बसले. हान्शिरोही पोट चिरायला म्हणूनच वाड्यात येतो; पोट चिरताच आपला शिरच्छेद करण्यासाठी तो नेमके याच तिघांना एकेक करून बोलावतो आणि प्रत्येक वेळी ‘प्रकृती बरी नाही’ असा निरोप येतो, तेव्हाच चाणाक्ष प्रेक्षकाला धागा सापडतो. मेले असते तर ते घराण्याचे वीर ठरले असते. जिवंत राहिल्यामुळेच ते पुरावा झाले. हकिकत सांगणेही याचसाठी, कारण कारभारी सायतो कागेयू यांच्या तोंडून मोतोमे आधीच लबाड ठरला होता.

मला स्वतःला सूडापेक्षा वेगळाच प्रसंग अधिक बोचतो. मोतोमेने पाते विकल्याचे कळताच हान्शिरोला आपली तलवार दिसते, जी विकण्याचे त्याच्या मनातही कधी आले नव्हते.

कबुली मात्र त्याला मिळत नाही. दप्तरात त्याने पोट चिरल्याची नोंद होते. शेवटच्या झुंजीत त्याच्या हातून पडलेली माणसे आजाराने वारली असे लिहिले जाते आणि शेंडी गेलेल्या तिघांच्या नावापुढेही आजारच लागतो.